टूरिंग बाइकवरची रेडिओची लांब अँटेना बदलायची आहे: तशीच घ्यावी की आखूड?

माजिवड्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे होंडा गोल्ड विंग जीएल१८०० आहे, २०१८च्या नव्या मॉडेलच्या आधीची. पहिल्या मालकाने ती अमेरिकेतून आणवली होती. मागच्या ट्रंकच्या बाजूला रेडिओची उभी दांडी आहे, टेप लावली तर पाऊण मीटरच्या आसपास भरते. ती आता बदलायलाच हवी. खालचे आटे गंजलेत, दांडी बुडात डुगडुगते आणि टोकावरची गोळी पडून गेली आहे. गाडी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये असते. ते उघडं टोक बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतं. अंधारात कुणाच्या डोळ्याला लागलं तर काय, हा घोर जात नाही. शिवाय वरून गेलेल्या पाण्याच्या पाइपाला दांडी घासते, कव्हर घालताना अडकते ते वेगळंच.

आता तशीच लांब मागवू, की कारच्या टपावर असते तशी वीतभर लावू? एक दुकानदार म्हणाला, आखूडने काही फरक पडत नाही. दुसरा म्हणाला, रेडिओ बंदच पडल्यासारखा होईल.

मी एफएम गोल्ड (१००.७) आणि रेनबो (१०७.१) ऐकतो, लांब गेलो की जे लागेल ते. ठाणे शहरात ठीक ऐकू येतं, गायमुखच्या चढावर तुटतं, भिवंडी बायपास ओलांडला की खरखर वाढते. मीडियम वेव्हवर तर नीट काहीच लागत नाही.

घाटमाथा

दादा, मी तर म्हणेन दांडी काढा, भोक बुजवा आणि फोन जोडा. २०१८च्या गोल्ड विंगमध्ये कारप्ले (आयफोन गाडीच्या पडद्यावर चालवायची सोय) आलं, मोटरसायकलवर पहिल्यांदाच. आता गाणी, नकाशा, सगळं इंटरकॉमवर येतं. एवढ्या लांब दांडीचा सांभाळ कशासाठी?

माजिवड्याचा_वाटसरू

घाटमाथा, नकाशासाठी फोन आहेच. पण रेडिओत पुढचं गाणं कोणतं ते आपल्याला ठाऊक नसतं, मध्येच बातम्या लागतात, निवेदकाचा आवाज सोबतीला असतो. नाशिकला पहाटे निघालो की मला तेच हवं असतं. रेडिओ ठेवायचाच आहे.

लघुलहरी

वाटसरू, दोन्ही दुकानदारांनी अर्धी गोष्ट सांगितली आहे. मी वाशीला राहतो, हौशी रेडिओचा परवानाधारक आहे आणि अँटेना हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ती लांबी कुणी अंदाजाने ठरवलेली नाही. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ९८ मेगाहर्ट्झला ती साधारण ३.०६ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा ७६ सेंटिमीटर, म्हणजे ३० इंच. आपला एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. खालच्या टोकाला हा चौथा हिस्सा ८६ सेंमी होतो, वरच्या टोकाला ६९. तुमची दांडी या दोन्हींच्या मध्ये बसते, म्हणून ती पट्टाभर सारखं काम करते.

आखूड दांडीत तार सरळ न ठेवता कांडीभोवती गुंडाळलेली असते. सुरात ती येते, म्हणजे एफएमच्या लहरींशी जुळते, पण पट्ट्याच्या एखाद्याच भागात. आणि हवेतून किती उचलायचं हे शेवटी खऱ्या उंचीवर ठरतं, ते गुंडाळून वाढत नाही. ठाणे-मुंबईत केंद्रांचा जोर एवढा आहे की ही तूट कानाला कळणार नाही. केंद्रं जिथवर ऐकू येतात त्या भागाच्या कडेला, म्हणजे शहापूर, कर्जत, पेण अशा भागांत, ती कळते.

मीडियम वेव्हचं गणित निराळं. ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीच्या जागी, लहर ५३७ मीटरची असते. तिचा चौथा हिस्सा १३४ मीटर! तिथे पाऊण मीटर काय आणि वीतभर काय, दोन्ही नगण्य. अशा वेळी दांडी नुसती चिमूटभर व्होल्टेज उचलते, आणि ते रेडिओपर्यंत पोचणं केबलवर अवलंबून असतं. गाडीच्या रेडिओची मूळ केबल मुद्दाम कमी कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता) बनवलेली असते. ती तुटली म्हणून कुणी आरजी-५८ या दुसऱ्या जातीच्या केबलचा तुकडा जोडला, तर त्यात मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असतात आणि तो चिमूटभर सिग्नल केबलच गिळते. एफएमवर काही जाणवत नाही, मीडियम वेव्ह मात्र बसते. तुमच्या गाडीत असा जोड कुणी दिलाय का ते बघा.

आता मुख्य मुद्दा. दांडी हा अँटेनाचा निम्माच भाग आहे. दुसरा निम्मा म्हणजे बुडाखालचं धातूचं अंग, ज्याला आपण ग्राउंड म्हणतो. कारला पत्र्याचं अख्खं टप असतं. आपल्या बाइकला मागे सगळं प्लास्टिक. खाली एक ब्रॅकेट, आणि ती स्क्रूवाटे चासीला टेकलेली. तो टेकू गेला की केबलमधल्या तारेभोवतीची जाळीच ग्राउंडचं काम करू लागते. मग ती वाटेतला सगळा विजेचा कचरा रेडिओत आणून ओतते. बहुतेक जण इथे दांडी बदलतात, आणि खरखर तशीच राहते.

म्हणून दांडी मागवण्याआधी मल्टीमीटर घ्या. रेडिओच्या मागचा अँटेनाचा प्लग आधी बाहेर काढा. हे विसरू नका, नाहीतर जाळी रेडिओच्या अंगातून ग्राउंडला पोचते आणि सगळं ठीक असल्याचं खोटंच दिसतं. प्लगची मधली पिन आणि दांडी यांच्यात जवळपास शून्य ओहम यायला हवेत. साध्या दांडीला, म्हणजे बुडात कॉइल किंवा अॅम्प्लिफायर नसेल तर, मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात काहीही येता कामा नये. ब्रॅकेट आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात एका ओहमच्या आत यायला हवं. मापताना केबल आणि ब्रॅकेट हलवून बघा. आकडा नाचला तर दुखणं तिथेच आहे.

ऐरोली_ते_अलिबाग

लघुलहरी काकांनी लिहिलंय ते अक्षरशः माझ्या गाडीवर घडलं. माझी हार्ले स्ट्रीट ग्लाइड आहे. मागची ब्रॅकेट पावडर कोटिंगला दिली होती. परत बसवल्यावर एफएम एकदम मलूल झालं. एका गॅरेजने अँटेना गेली म्हणून सांगितलं, मी नवी आखूड लावली, फरक शून्य. शेवटी ब्रॅकेट उतरवली. रंग इतका जाड होता की स्क्रूच्या खाली धातू धातूला टेकतच नव्हता. स्क्रूभोवतीचा रुपयाएवढा गोल पॉलिश पेपरने लख्ख घासला, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं. लगेच आवाज भरला.

आता माझ्याकडे दोन्ही दांड्या आहेत, त्यामुळे तुलना करून बघितली. पाम बीच रोडला इंजिन चालू ठेवून एकाच जागी उभं राहायचं, एकच केंद्र लावायचं आणि दांड्या आलटूनपालटून लावायच्या. वाशी ते बेलापूर मला दोन्हींत फरक सापडला नाही. अलिबागला जाताना मात्र सापडला. (आपल्याला अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे पनवेल-पेणमार्गेच जावं लागतं.) कर्नाळ्याच्या खिंडीत आखूड दांडीवर स्टिरिओचं चिन्ह जातं, आवाज एकसुरी होतो आणि श्वास लागल्यासारखी खरखर येते. लांब दांडीवर तीच जागा थोड्या कुरकुरीत पार होते. पेणच्या पुढे आखूडवर कमजोर केंद्रं सापडतच नाहीत.

मी शहरात आखूड वापरते. लांबच्या प्रवासाला निघताना लांब लावते.

घाटमाथा

ही पद्धत आवडली. पण मग फेअरिंगच्या आत लपवायची अॅम्प्लिफायरवाली अँटेना मिळते ना, ती का नको? बाहेर काही दिसायलाच नको.

लघुलहरी

लपवायची अँटेना वाईट नसते, पण ती कुठे लपते ते बघा. फेअरिंगच्या आत इग्निशनच्या तारा, एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी सर्किटं), यूएसबी चार्जर, इन्स्ट्रुमेंटचा बोर्ड, सगळी गोंगाट करणारी मंडळी शेजारीच. अॅम्प्लिफायर केंद्र आणि गोंगाट यांत भेद करत नाही, दोन्ही सारखेच वाढवतो. शिवाय आपल्या शहरात जोरदार केंद्रांची दाटी आहे. स्वस्त अॅम्प्लिफायर त्या जोराने गुदमरतो आणि एका केंद्राच्या डोक्यावर दुसरं ऐकू येऊ लागतं. कमजोर सिग्नलच्या भागात राहणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. ठाण्यात मी लावणार नाही.

गोंगाटाचा विषय निघालाच आहे तर वाटसरू, हेही करून बघा. इंजिन बंद, फक्त रेडिओ चालू. मग एकेक करून जादाचे फॉग लाइट, चार्जर, इंजिन चालू करा. फॉग लाइट लागताच एफएम फुसफुसलं तर त्याच्या ड्रायव्हरला दोष द्या. रेसबरोबर वाढणारी टिकटिक इग्निशनची असते. तिथे प्लगच्या क्रमांकात ‘आर’ आहे का ते पाहावं, तो आतल्या रेझिस्टरची खूण आहे. रेसबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. आणि अँटेनाचा प्लग काढल्यावरही गोंगाट तसाच राहिला तर तो अँटेनातून येतच नाहीये, बॅटरीच्या तारेतून येतोय.

खारघर_६५०

फार उपयोगी चाललंय. माझ्या रॉयल एनफील्ड इंटरसेप्टरला रेडिओ नाही, पण मित्राच्या गोल्ड विंगवर मागे बसून जुन्या हायवेने पुण्याला जातो. (एक्स्प्रेसवेवर आपल्याला सोडत नाहीतच.) खोपोलीच्या वर चढलं की ९८.३ वर एक गाणं चालू असताना वळणावर अचानक दुसरंच लागतं, पुढच्या वळणावर परत पहिलं. ही अँटेना सैल असल्याची खूण का?

लघुलहरी

नाही, अँटेना निर्दोष आहे. ९८.३, ९३.५, ९१.१ या तिन्ही जागांवर मुंबईतही केंद्र आहे आणि पुण्यातही. बोरघाटात दोन्हीकडचे सिग्नल पोचतात. एफएमचा स्वभाव असा की दोनांपैकी जो थोडा वरचढ असेल तोच पूर्ण ऐकू येतो, दुसरा दाबला जातो. डोंगर आडवा आला की पारडं फिरतं. मीडियम वेव्हवर असं होत नाही, तिथे दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात. घाटात १००.७ लावून बघा, तिथे पुण्याचं केंद्र आड येत नाही, म्हणून तुलना करता येईल.

माजिवड्याचा_वाटसरू

मंडळी, सगळं तपासून आलो.

प्लग काढून मोजलं. ब्रॅकेट ते निगेटिव्ह आकडा स्थिर राहीना. ट्रंक हाताने दाबली की खाली यायचा, सोडली की मीटर जोडच तुटल्याचं दाखवायचा. मग ट्रंकचं अस्तर काढून बूड उतरवलं. खालचं रबर कडक होऊन एका बाजूला चिरलं होतं. तिथून पावसाचं पाणी आत जात असणार, कारण केबलच्या जाळीचा बोटभर भाग हिरवा पडला होता आणि नखाने खरवडला तर भुकटी होऊन गळत होता. ब्रॅकेटच्या स्क्रूवर पांढरा थर. दांडी हे त्यातलं सगळ्यात कमी बिघडलेलं अंग निघालं.

हिरवा भाग कापून टाकला, पुढची तांबूस चकचकीत जाळी येईपर्यंत मागे गेलो. नवा मोटोरोला प्लग (गाडीच्या रेडिओच्या अँटेनाचा नेहमीचा) आणि मूळ जातीची केबल लॅमिंग्टन रोडवरून आणली, आरजी-५८ मुद्दाम टाळली. ब्रॅकेटपासून चासीपर्यंत रुंद तांब्याची वेणी वेगळी ओढली. तीच जुनी, डुगडुगणारी दांडी परत लावून गायमुखला गेलो, तर चढावर १००.७ तुटलं नाही.

फॉग लाइटचंही खरं निघालं. ते लावले की वरच्या पट्ट्यातली केंद्रं फुसफुसतात, १०७.१ सगळ्यात जास्त.

मीडियम वेव्ह मात्र अजून तसंच. तिथे काय बघू?

लघुलहरी

उत्तम काम केलंत. रबर नवं घालाल तेव्हा भोवती सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. केबल बुडातून निघाल्यावर खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल, तारेवरून पुढे सरकणार नाही. खाडीची हवा आणि चार महिने पाऊस असलेल्या आपल्या गावाला हे फार लागू आहे.

मीडियम वेव्हसाठी रेडिओचं बटण दाबून बघा, आकडा कितीने सरकतो? अमेरिकेत केंद्रं १० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असतात, आपल्याकडे ९ च्या. तुमचा रेडिओ ५५० वरून ५६० वर उडी मारत असेल तर ५५८ वर बसणारच नाही. शेजारी बसून घोगरं ऐकवेल. आकाशवाणीचं १०४४ तर दोन घरांच्या जवळजवळ मधोमध पडेल. एफएमवरही अमेरिकी रेडिओ फक्त विषम दशांशांवर थांबतो: ९८.३ मिळेल, १०४.० मिळणार नाही. अनेक रेडिओंत देश बदलायची सोय असते, मालकाच्या पुस्तिकेत शोधा. जपानच्या देशी बाजारासाठीच्या जुन्या रेडिओत तर एफएम ९० मेगाहर्ट्झलाच संपतं आणि मुंबईची केंद्रं त्याच्या वर सुरू होतात. अशा गाडीवर कितीही भारी अँटेना लावली तरी उपयोग नाही.

माजिवड्याचा_वाटसरू

बरोबर, १० नेच सरकतोय! पुस्तिका काढतो.

दांडीचा निर्णय झाला: लांबच घेणार, स्टेनलेसची, टोकाला गोळी असलेली. पार्किंगमध्ये मात्र ती हाताने फिरवून काढता यायला हवी, पान्याशिवाय. वागळे इस्टेटमध्ये असं काही कुणी करून देतं का?

लघुलहरी

गोळी असलेलीच घ्या, डोळ्यांच्या दृष्टीने तर हवीच. कोरड्या हवेत वेगात जाताना टोकदार टोकावरून स्थिर वीज सुटते आणि रेडिओत सुसकारा येतो, तोही गोळीमुळे कमी होतो.

खारघर_६५०

काका, एक राहिलं. मित्राच्या गाडीवर अशा दोन दांड्या आहेत, दुसरी सीबीची (गाडीतून गाडीत बोलायचा सिटिझन्स बँड रेडिओ). तो म्हणतो सीबी वापरतच नाही, तर ती काढून रेडिओच्या जागी लावू का?

लघुलहरी

नको. दिसायला सारख्या असल्या तरी सीबी २७ मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे चौथा हिस्सा पावणेतीन मीटर होतो, म्हणून त्या दांडीत कॉइल घालून तिला त्या पट्ट्यासाठी सुरात आणलेलं असतं. एफएमवर ती कशी वागेल याचा भरवसा नाही. उलटी अदलाबदल तर करूच नका. रेडिओची दांडी सीबीला लावून बोलायचं बटण दाबलं तर पाठवलेली शक्ती परत फिरते आणि सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर बेतते. सीबीची दांडी बदलली की एसडब्ल्यूआर मीटर (किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा) लावल्याशिवाय बोलायचं नाही.

आणि मित्राला हेही सांगा: भारतात परवान्याविना कमी शक्तीचा सीबी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्यातच आहे. अमेरिकी सेटचे ४० चॅनल २७.४०५ पर्यंत जातात, त्यातले वरचे या पट्ट्याबाहेर पडतात.

वागळे_लेथ

नमस्कार. मी लेथवरच काम करतो, अँटेनाची कामं येतात अधूनमधून. वाटसरू साहेब, हाताने सुटणारा कॉलर होतो. खाली तुमच्या बुडाचे आटे, वर दांडीचे, मध्ये बोटाएवढा नर्ल केलेला (पकडीसाठी खरखरीत रेषा पाडलेला) गोल. मटेरियल स्टेनलेस ३१६ घ्या, खाडीजवळ ३०४ वर ठिपके पडतात. कॉलरच्या खाली रबराची ओ-रिंग ठेवतो, म्हणजे गाडीच्या कंपनाने सुटत नाही आणि पाणीही जात नाही. आट्यांना लॉकिंग लिक्विड लावू नका, संपर्क जातो. दांडी काढली की बुडावर घालायला छोटी टोपीही करून देईन.

मधून मुडपणारं बिजागर पण लोक मागतात. मी शक्यतो नाही म्हणतो. बिजागर ढिलं झालं की संपर्क तिथेच तुटतो आणि परत खरखर. स्प्रिंग लावायची असेल तर स्प्रिंगच्या आतून वेणी ओढलेली पाहिजे.

आट्यांचं बघा: या दांड्यांना बहुतेक एम५ किंवा एम६ असतात. एम५ ला पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी, एम६ ला १. पण अमेरिकी दांडी असेल तर इंचाचे आटेही असू शकतात. ते मेट्रिकमध्ये दोन फेरे जातात आणि मग अडतात. तिथे जोर लावला की बुडाचे आटे गेले. घरी साधा एम६ चा बोल्ट हलक्या हाताने फिरवून बघा, पूर्ण आत गेला तर प्रश्न मिटला. अडला तर तिथेच थांबा आणि दांडी, बूड दोन्ही काढून घेऊन या. नुसत्या फोटोवरून मला आटे सांगता येत नाहीत.